कलम अकरा आणि सडकेचं रान

४ जुलै, शुक्रवार

पुन्हा चौदा पानं! सगळी इंग्रजीत. आणि खाली शिवशंकरचा मेसेज – "ताई, शेवटच्या पानावर बोटानं सही करा, दोन मिनटाचं काम हाय."

दोन मिनिटांचं काम असतं तर चौदा पानं कशाला लिहिली असती?

शिवशंकर म्हणजे कंपनीचा माजलगावचा माणूस. आम्हा ड्रोन उडवणाऱ्यांना फवारणीची कामं तोच वाटतो. फार गोड बोलतो. गोड बोलणारा माणूस समोर आला की माझा हात आपोआप पर्सवर जातो.

मागच्या वर्षी मी न वाचता सही केली होती. तेव्हा पुण्याहून ट्रेनिंग घेऊन नुकतीच आलेली. हातात परवाना, गावात सत्कार, दिंद्रुडची पहिली ड्रोनवाली बाई! अंगावर शाल असली की माणूस कशावरही सही करतो.

हे म्हणाले, "कर की सही. कावून डोकं शिणवती?" आमच्या ह्यांच्याकडं, तानाजीरावांकडं, सगळ्या दुखण्यांवर एकच औषध – कर की.

नाही करणार. आधी वाचणार.

७ जुलै, सोमवार

मोबाईलचा कॅमेरा पानावर धरला की मराठी दिसतं. पण काय ते मराठी! "कंत्राटदार कंपनीला निरुपद्रवी धरून ठेवील." मी कंपनीला धरून ठेवू? कुठं? गोठ्यात?

शेवटी वैष्णवीला फोन लावला. ती तलवाड्याची, ट्रेनिंगला माझ्या खोलीत होती. तिचा मामेभाऊ वकील आहे. त्यानं कलम अकरा समजावून सांगितलं. दोनच गोष्टी. कंपनीच्या चुकीनं माझं नुकसान झालं तर कंपनी मला फार तर एका महिन्याचं मानधन देणार, वर काही नाही. आणि माझ्या चुकीनं कुणाचं नुकसान झालं तर सगळं मी भरणार. त्याला मर्यादा नाही. त्यानं शब्द वापरला – अमर्याद जबाबदारी.

"अमर्याद म्हंजे किती?" मी विचारलं.

"तुमच्या नावावर जे असेल ते संपेपर्यंत, ताई."

मग मागच्या वर्षीचा करार काढून बघितला. तेच कलम! तेच शब्द! म्हणजे गेलं वर्षभर मी अमर्याद होते आणि मला पत्ताच नव्हता. अमर्याद बाई भाजीवाल्याच्या तराजूखाली वाकून बघत होती.

माझ्या नावावर आहे तरी काय? सडकेचं रान. दीड एकर. आईनं तिच्या वाट्याचं मला दिलेलं, भावांनी तोंडं वाकडी केली तरी दिलेलं. आई, सारजाबाई, चार बुकंसुद्धा शिकली नव्हती. म्हणायची, "रान तुझ्या नावावर हाय तवर तुला कुणी ऊठ म्हणणार न्हाई." यंदा मूग टाकलाय तिथं. डांबरी सडकेला लागून असल्यानं सगळ्यांचा डोळा आहे त्यावर. दिवाळीत ह्यांनीही प्लॉट पाडायचा विषय काढला होता. मी नाही म्हटलं, विषय संपला. हा ह्यांचा गुण – विषय लांबवत नाहीत.

१० जुलै, गुरुवार

शिवशंकर घरीच आला. कंपनीचा माणूस न बोलावता घरी येतो तेव्हा त्याला घाई कशाची आहे ते बघावं.

"ताई, नुकसानीचं कावून भेव घेता? इमा हाय की. कंपनीनंच काढलाय."

"कुणाचा?"

"ड्रोनचा."

"आन माझा?"

"तुमी काय वरून पडणार हाव का?" स्वतःच्याच विनोदावर हसला.

"ड्रोन पडून कुणाचं डोकं फुटलं तर?"

"त्याला बी हाय."

"औषध वाऱ्यावर गेलं आन शेजारचं पीक जळलं तर?"

हातातली बशी खाली ठेवली त्यानं. "ते... वारं बघून उडवायचं ना, ताई."

झालं. कळलं. यंत्राला विमा, यंत्र पडून फुटणाऱ्या डोक्याला विमा, आणि रोज जे होण्याची भीती तेवढं वगळून! छत्री दिली, पण पावसात उघडायची नाही.

जाताना ह्यांच्याशी दाराबाहेर कितीतरी वेळ बोलत उभा होता. मी विचारलं काय म्हणत होता. "काई न्हाई, पाऊसपाणी."

पाऊसपाण्यावर एवढं?

१४ जुलै, सोमवार

शिवशंकरचे मिस्ड कॉल. उचलले नाहीत. जुना करार ऑगस्टअखेर चालतो, तोवर कामं देणं त्याला भागच आहे.

१८ जुलै, शुक्रवार

वैष्णवीनं आणि मी मिळून कंपनीला लिहिलं. मागण्या दोनच. एक – आमच्या जबाबदारीला मर्यादा घाला, त्या हंगामात कंपनीनं आम्हाला दिलेल्या मानधनापेक्षा जास्त आम्ही भरणार नाही. दोन – कंपनीच्या पॉलिसीत आमची नावं घाला आणि वाऱ्यानं औषध उडाल्याचं नुकसान त्यात धरा. मामेभावानं इंग्रजी नीट केलं. "सही करणार नाही" हे वाक्य त्यानं तीनदा मऊ केलं, मी तीनदा परत कडक केलं.

संध्याकाळी वैष्णवीच्या स्टेटसला फोटो – अंगात कंपनीचं निळं जॅकेट! जॅकेट सही केल्यावर देतात. म्हणजे माझ्याबरोबर पत्रावर नाव घातलं आणि तिकडं गुपचूप सही करून मोकळी झाली?

१९ जुलै, शनिवार

जॅकेट मागच्या वर्षीचं निघालं. बाही उसवलेली दाखवली तिनं व्हिडिओवर. "तुझं डोकं तपासून घे," म्हणाली.

घेईन. पण बाही आधीच दाखवायला काय झालं होतं?

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

आज जमिनीला लोखंड लावायचं नाही, घरात काही चिरायचं नाही. शिवशंकरचा सकाळीच फोन – ड्रोन जमिनीला लागतच न्हाई ताई, दोन कामं उरकून घ्या. मी म्हटलं, बॅटरीसुद्धा आज चिरायची नाही! फोन ठेवला.

दुपारी लिंबाखाली झोका. केसरमावशी आल्या होत्या. आमच्या रानाच्या बांधाला बांध असलेल्या केसरबाई, एकटी बाई, पोरगी लातूरला दिलेली. पेरणीला त्यांची बैलं आम्ही आणतो, त्यांच्या कापूस वेचणीला मी जाते. ही सावड माझ्या सासूच्या वेळेपासून चालत आलेली. हिशेब कुणी ठेवत नाही.

झोक्यावर त्या म्हणाल्या, "सत्यशीला, कापसावर मावा पडलाय. जाता जाता माझ्या बी रानावर एक चक्कर मार की."

जाता जाता! कंपनीच्या ॲपवर नोंद केल्याशिवाय उडवायचं नाही असा नियम. नोंदीला ओटीपी लागतो, मावशींकडं बटनांचा फोन, तोही पोरीच्या नावावर. आणि सावडीत नोंद कसली करायची? बैलं आणताना मी कधी ओटीपी दिला का?

हो म्हटलं.

३१ जुलै, गुरुवार

मारून दिली फवारणी. वारा पडलेला होता, दोनदा बघितलं. मावशींनी उडवायच्या आधी ड्रोनच्या पायाला लिंबू-मिरची बांधली. "ह्यो तुझा इमा," म्हणाल्या. कलम अकरापेक्षा बरा. निदान वाचावा तरी लागत नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

काय लिहू?

मावशींचा कापूस मुरडलाय. ओढ्याकडची अर्धी पट्टी. शेंड्याची पानं बारीक, लांबट, बोटं फुटल्यासारखी. भेंडीचं पान वाटावं अशी. हे मला माहीत आहे. ट्रेनिंगमध्ये फोटो दाखवले होते. उसातलं तणनाशक कापसाला लागलं की असंच होतं.

आणि आधीच्या आठवड्यात मी त्याच टाकीनं उसावर तणनाशक मारलेलं आहे.

टाकी तीन पाण्यांनी धुतली होती. साबणानं. नळ्या सोडून, नोझल काढून. धुतली होती ना? धुतलीच होती. की दुसऱ्या टाकीचं आठवतंय? दुसरी टाकी शिवशंकर मधे दोन दिवस गेवराईकडं घेऊन गेला होता. परत आणताना अदलाबदल केली असेल. मुद्दाम? मी सही करत नाही म्हणून? त्याच्याकडून होऊ शकतं. गोड माणूस आहे.

ॲपवर नोंद नाही म्हणजे कंपनीचा हात वर. कंपनीचा विमा वर. उरले कोण? मी, अमर्याद.

मावशी बांधावर उभ्या होत्या. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "बघू."

त्या "बघू"चा अर्थ काय?

६ ऑगस्ट, बुधवार

जेवण जात नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

हे माजलगावहून आले. पाणी प्यायले, मग हळूच म्हणाले, "केसरबाई दिसली. कोर्टाच्या बाजूला. वकिलाकडं गेलती म्हणं."

"कोण म्हणालं?"

"लोकं म्हणत हुती."

मावशी? ज्यांच्या घरी मी बाळंतपणानंतर सव्वा महिना तूप-भात खाल्ला, त्या? पण मग विचार केला – का नाही? एकटी बाई, वर्षाचं एकच पीक. तिनं तरी कुणाच्या तोंडाकडं बघायचं?

रात्री ह्यांनी चहा केला. ह्यांनी! पंधरा वर्षांत पहिल्यांदा. साखर जास्त, आलं विसरले. तरी डोळ्यांत पाणी आलं माझ्या. संकटात माणूस कळतो म्हणतात ते खोटं नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

मावशी रस्त्यावर अगदी समोरून आल्या. मी "मावशी" म्हटलं. पदर डोळ्यांवर ओढून तशाच निघून गेल्या. ओळखसुद्धा दाखवली नाही!

म्हणजे खरंच आहे.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीला भाऊ आले, गेले. त्यांना काही बोलले नाही. रानाच्या नावानं आधीच जळतात, आनंदच झाला असता.

संध्याकाळी ह्यांनी पुन्हा चहा केला. मग शेजारी बसून म्हणाले, "मी काय म्हणतो सत्ये, तुझ्या नावावर काईच नसलं तर कोण काय घेईल?"

किती साधी गोष्ट! कंपनी काय, मावशीचा वकील काय, माझ्या नावावर असेल तेवढंच ओढतील. काहीच नसेल तर कलम अकरा घेऊन बसा म्हणावं.

"रान माझ्या नावावर करून ठीव. घरातल्या घरात. प्रकरण थंड झालं की परत फिरवू. नवऱ्याच्या नावावर करायला खर्च बी लई येत न्हाई."

परमेश्वर ह्यांचा वर्गमित्र, माजलगावला रजिस्ट्री ऑफिससमोर बसतो, बक्षीसपत्रं लिहितो. ह्यांनी त्याला फोन लावला तर त्याच्याकडं कागद तयारच. सोमवारी या म्हणाला. नशीब लागतं अशी माणसं ओळखीची असायला.

११ ऑगस्ट, सोमवार

झालं एकदाचं. फोटो, अंगठा, सह्या. तिथल्या बाईंनी विचारलं, "वाचलंय ना सगळं? समजलंय?" मी म्हटलं, घरचंच आहे. ह्यांनी मान डोलावली.

येताना टोपलीभर पेरू घेतले. तराजूखाली वाकून बघितलं, आठवणीनं. ह्यांनी मागून हाक मारली, "चला सीआयडी." खूप दिवसांनी मी हसले.

आईची आठवण आली थोडी. पण आईला कलम अकरा कुठं माहीत होतं.

आता या म्हणावं कुणीही. माझ्याकडं ड्रोनचा परवाना आणि अंगावरची साडी.

१४ ऑगस्ट, गुरुवार

कंपनीनं मान्य केलं!! दोन्ही मागण्या! जबाबदारीला मर्यादा – हंगामाच्या मानधनाइतकी. पॉलिसीत आमची नावं, वाऱ्याचं नुकसान धरून. शिवशंकर फोनवर म्हणाला, "ताई, तुमी लई डोकं खाल्लं साहेबाचं. पण खरं सांगू, माझ्या भावाला बी हेच काम लावायचंय. तुमच्यामुळं त्येला बी झालं." आवाज खरा वाटला. म्हणजे इतके दिवस मी याच्यावर... जाऊ दे. टाकीचं विचारलं. दोन्ही टाक्यांच्या बुडाला नंबर आहेत, बघा म्हणाला. बघितले, बरोबर होते. म्हणजे अदलाबदल नाही. मग तणनाशक आलं कुठून?

वैष्णवी फोनवर नाचत होती. ऐकू येत होतं.

१८ ऑगस्ट, सोमवार

नवीन करार दोनदा वाचला. एकदा सरळ, एकदा शेवटाकडून. पॉलिसीत माझ्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी होतं, ते सुधारून घेतलं, मगच सही. मामेभाऊ वैष्णवीला म्हणाला, या ताईंना कुणी फसवू शकणार नाही. दिवसभर ते वाक्य चघळत होते.

मूग निघाला. रान मोकळं झालं. ह्यांना म्हटलं, आता रान परत नावावर करून घेऊ का?

"करू की. पोळा हू दे."

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

दारात बैलं आली तर केसरमावशींची! झुली, बाशिंगं, आणि मागं स्वतः मावशी. मी पाट मांडायचं विसरून तशीच उभी.

"अशी काय बघती? ओवाळ की."

ओवाळलं. मावशी बसल्या, पुरणपोळी मोडली, आणि म्हणाल्या, "माझी दुसरी फवारणी कधी मारतीस? बोंडं लागायलीत."

"आन मुरडलेला कापूस?"

"त्यो? नवा पाला फुटलाय की त्याला आता. आगं त्यो भागवत! वड्यापल्याडच्या त्याच्या उसावर हातपंपानं तणनाशक मारलं त्यानं, वारं माझ्याकडं. आपल्या तोंडानं कबूल केलं. खताचं पोतं आणून टाकलं दारात. तुझ्या त्या उडत्या इमानाचा काय संबंद?"

मग विचारलं, मावशी, तुम्ही वकिलाकडं गेला होता ना?

"मी? वकिलाकडं? आन कुनावर?" मग हसायलाच लागल्या. "माजलगावला गेलते ते डोळ्याच्या डाक्टरकडं. औषध घातलं तर दोन रोज समोरचं माणूस वळखू येईना. कोण म्हणलं तुला वकील?"

लोकं म्हणत होती, असं सांगितलं.

"कंची लोकं?"

रात्री ह्यांना म्हटलं, बक्षीसपत्राची प्रत द्या, वाचायची आहे. "परमेश्वरकडं हाय." परत कधी फिरवायचं? "एवढी काय घाई हाय? नाव कुनाचं बी असलं तर काय, रान घरातच हाय न्हवं?" आणि कूस बदलून झोपले.

विषय लांबवत नाहीत.

२४ ऑगस्ट, रविवार

सकाळी सडकेच्या रानात गेले. चुन्याच्या रेघा. उभ्या, आडव्या, मधून रस्ता सोडलेला. परमेश्वर टेप धरून उभा होता. मला बघून म्हणाला, "वहिनी, कोपऱ्याचा प्लॉट तुमाला ठेवायचा म्हणलाय तानाजी."

घरी आले. ह्यांनी चहा करून ठेवला होता. आज आलंही घातलं होतं. मी घेतला नाही.